जॅकेट कुणाचंही घ्या, कोड आपला ठेवा: लेझर-सराव यंत्रणांचं परीक्षण

आधी गुण सांगते, कारणं मागून. अमेरिकी लष्कर सरावात वापरतं त्या, गोळीऐवजी किरण सोडणाऱ्या ‘मायल्स’ लेझर-संचाला पाचपैकी तीन. त्या संचांकडून येणारी माहिती गोळा करून दाखवणाऱ्या सामायिक सॉफ्टवेअरला साडेचार. आणि हे सगळं सामान सांभाळणाऱ्या, मोजून देणाऱ्या-घेणाऱ्या गोदामाला चार. खरेदीच्या बैठकीत गोदामाचं नाव कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम गुणपत्रिकेत घेतलंय.

मी मूळची नगरची. केके रेंजवर फायरिंग सुरू झालं की घराच्या काचा थरथरायच्या आणि आई म्हणायची, “झालं ह्यांचं सुरू.” आता राहते फ्लोरिडातल्या ऑरलँडोत. लोकांना हे गाव डिस्नेमुळे माहीत, पण इथल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला लागून जो रिसर्च पार्क आहे, तिथे अमेरिकी लष्कराची आणि नौदलाची सराव-यंत्रणा खरेदी करणारी कार्यालयं आहेत. मी सैनिक नाही. माझं काम जोडणीचं. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या पडद्याशी बोलती करायची. खाली लिहिलंय ते सगळं उघड माहितीतलं किंवा हाताळून पाहिलेलं. गुपित काही नाही, उगाच कुणी दचकू नये.

निमित्त झालं ते पुण्या-हैदराबादकडच्या नव्या कंपन्यांच्या निरोपांचं. २०१८ मध्ये आयडेक्स, म्हणजे संरक्षण-क्षेत्रातल्या नव्या कंपन्यांसाठीची सरकारी योजना, आल्यापासून असे निरोप वाढलेत. मजकूर साधारण एकच: “ताई, सरावातला लेझर टिपणारं आमचं जॅकेट तयार आहे. निम्म्याहून जास्त माल स्वदेशी. सेन्सर तर बाहेरच्यांपेक्षा सरस. आता लष्कराला काय दाखवू?” सेन्सर सरस असेलही. पण चार दशकं वापरात असलेल्या वस्तूला काय जमलं आणि काय नाही, हे बघितल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर देण्यात अर्थ नाही.

तर वस्तू अशी. रायफलच्या नळीवर एक छोटा लेझर बसवतात. ब्लँक, म्हणजे बिनगोळीचं, काडतूस झाडलं की त्या बारावर लेझर सुटतो. सुमारे ९०४ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, आणि ताकद इतकी बेताची की डोळ्यांना इजाही होत नाही. समोरच्याच्या छाती-पाठीवरच्या पट्ट्यांवर आणि हेल्मेटभोवती डिटेक्टर असतात. किरणात कोड असतो, आणि कोणत्या जातीचं शस्त्र हे त्या कोडवरून कळतं. रायफलचा कोड रणगाड्यावर पडला तर रणगाडा ढिम्म हलत नाही. रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा पडला तर वरचा पिवळा दिवा लखलखायला लागतो. सैनिक त्याला ‘व्हूपी लाइट’ म्हणतात. हे सगळं १९७०च्या दशकाच्या शेवटी उभं केलं झेरॉक्सने. होय, तीच, कॉपी काढणारी.

पहिल्या पिढीच्या संचातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एक पिवळी किल्ली. गोळी लागली की अंगावरचा भोंगा सलग वाजत राहतो आणि तो असह्य असतो. नुसती जवळून गेली तर एक-दोनदाच टुकटुक. सलग वाजणारा भोंगा बंद करायचा तर स्वतःच्या रायफलवरच्या लेझरमधली पिवळी किल्ली काढून छातीवरच्या खाचेत घालायची. किल्ली निघाली की तुमचं शस्त्र बंद. म्हणजे आवाज थांबवायचा असेल तर आपणहून मरावं लागतं. पुन्हा जिवंत करायचा अधिकार अंपायरकडच्या हिरव्या किल्लीला. अंपायरच्या हातात एक कंट्रोलर गनही असते, तिने तो कुणालाही मारू शकतो. जवानांनी तिचं नाव ‘गॉड गन’ ठेवलंय. एवढ्या साध्या यंत्राने माणसाचा स्वभाव इतका नेमका ओळखलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

माझे एक काका सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना फोनवर हे सांगितलं तर पाच मिनिटं हसत होते. “अगं, आमच्या वेळी पांढरी पट्टी बांधलेला अंपायर यायचा आणि सांगायचा, तुझी सेक्शन खलास. आम्ही म्हणायचो, साहेब, आम्ही तर नाल्यात होतो! मेल्यावर कबूल कोण करतंय?” भांडण तिथेच असतं. सराव संपल्यावर दोन्ही बाजू जिंकलेल्या असतात.

ते भांडण मिटवण्यासाठी संचापुढची पायरी लागते: कोणी कोणाला, कुठून, कधी मारलं याची नोंद. अमेरिकेत हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं ते कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, फोर्ट अर्विनच्या नॅशनल ट्रेनिंग सेंटरमध्ये. हे केंद्र १९८० साली सुरू झालं. जागा सुमारे २६०० चौरस किलोमीटर, शहर-उपनगर धरून मुंबई चारदा मावेल एवढी. तिथे शत्रूची भूमिका करणारी कायमची फौज आहे, सध्या अकरावी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट. सुरुवातीच्या काळात त्यांनी जुन्या शेरिडन रणगाड्यांना फायबरचे मुखवटे चढवून सोव्हिएत गाड्या केल्या होत्या. सगळी माहिती ज्या इमारतीत जमते तिला तिथले लोक ‘स्टार वॉर्स’ म्हणतात. संध्याकाळी पडद्यावर लढाई पुन्हा चालवून दाखवतात. नाल्यात होतो म्हणणाऱ्याचा ठिपका नाल्याबाहेर दिसतो. वाद संपतो आणि मग शिकायला सुरुवात होते.

एवढं सगळं असूनही संचाला तीनच गुण दिले, ते का? पहिलं म्हणजे लेझर पानातून जात नाही, गोळी जाते. झुडपाआडचा माणूस खऱ्या लढाईत मरतो, सरावात वाचतो, आणि झुडूप म्हणजे आडोसा असा धडा घेऊन घरी जातो. मोहावीत झुडपं कमी, पण धूळ भरपूर, आणि धूळही किरण अडवते. लुइझियानातल्या फोर्ट पोकच्या जंगलात तर विचारूच नका.

दुसरं, लेझर सरळ आणि क्षणात पोचतो. पळत्या गाडीच्या पुढे नेम धरायची रणगाड्याच्या तोफचीची जी सवय, ती एकेरी लेझरवर मोडते. यावर युरोपीय घराण्यांनी चांगला उपाय काढला. साबच्या बीटी ४६ सारख्या यंत्रणांत लक्ष्यावर परावर्तक असतो, किरण जाऊन परत येतो, अंतर मोजलं जातं आणि गोळा खरोखर कुठे पडला असता याचा हिशोब होतो. महाग आहे, पण तोफची घडवायचा असेल तर पैसे इथेच घालावेत असं माझं मत. पायदळाच्या जवानाला दुहेरी लेझर देणं मात्र चैन आहे.

तिसरं, तोफखाना. डोंगरापलीकडून येणाऱ्या गोळ्याला लेझरचा काय उपयोग? आधी त्या जागी गाडीतून माणूस जायचा, फटाका फोडायचा आणि गॉड गनने आसपासच्यांना मारायचा. नंतर रेडिओ आणि जीपीएसवर ते काम आलं: अमुक चौकोनात गोळे पडले, त्यात कोण होतं ते संगणक ठरवणार. सुरुंगांचंही तसंच. पुढची दिशाही हीच आहे, ठिकाणावरून आणि नळीच्या दिशेवरून मारा ठरवायचा, लेझरचा आधार कमी करायचा. ड्रोन आल्यावर तर ते टाळताच येणार नाही.

बाकी किरकोळ म्हणतात त्या कटकटी: सेल संपणं, तारा तुटणं, लेझर आणि माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा काटा) एका रेषेत नसणं. मला हे किरकोळ वाटत नाही. नेम जुळवायची पेटी कमी पडली की पलटण रांगेत उभी राहते, मग कंटाळून अर्धे तसेच जातात, आणि मैदानात “ह्या मशीनला काही लागतच नाही” म्हणून शिव्या देतात. चलाख मंडळी डिटेक्टरवर चिकटपट्टीही लावतात. ती जगात सगळीकडे असतात.

आता ज्याला साडेचार गुण दिले त्याकडे. फोर्ट अर्विन, फोर्ट पोक आणि जर्मनीतलं होहेनफेल्स ही अमेरिकी लष्कराची तीन मोठी सराव-केंद्रं. शिवाय प्रत्येक छावणीची छोटी यंत्रणा. यातलं प्रत्येक ठिकाण आपापलं सॉफ्टवेअर आपापल्या कंत्राटदाराकडून घेत बसलं तर काय होईल? नवं शस्त्र आलं की तोच बदल प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहायचा, प्रत्येक ठिकाणी पुन्हा पैसे मोजायचे. म्हणून लष्कराने ‘लाइव्ह ट्रेनिंग ट्रान्सफॉर्मेशन’, बोलीत एलटीटू, अशी उत्पादनांची मालिका आखली. पाया एकच, सीटीआयए नावाची सामायिक रचना. त्यावर मोठ्या केंद्राची यंत्रणा, छावणीची यंत्रणा, फायरिंग रेंजची यंत्रणा. नकाशाचा पडदा एकदा लिहिला की सगळीकडे चालतो. लक्ष्यफलकांसाठी फॅसिट नावाचं वेगळं मानक, म्हणजे उठणारा-पडणारा फलक एका कंपनीचा आणि नियंत्रण दुसरीचं असलं तरी चालावं. हे सगळं शक्य झालं कारण भाग पुन्हा वापरण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला. कंत्राटदार बदलला तरी पाया जागेवर.

याच्याही वरची पायरी टेना. ‘टेस्ट अँड ट्रेनिंग एनेबलिंग आर्किटेक्चर’. ही एकट्या लष्कराची नाही, अमेरिकेच्या संपूर्ण संरक्षण खात्याची. नौदलाची रेंज, हवाई दलाची रेंज आणि चाचणी-केंद्रं एकमेकांना जोडून एकच मोठी रेंज असल्यासारखी वापरायची, हा तिचा हेतू. मधलं सॉफ्टवेअर सरकारी मालकीचं, परवाना-शुल्क नाही.

वापरणारी म्हणून टेनाचं मला जे पटलं ते एका वाक्यात सांगता येतं: चूक टेबलावर कळते. रणगाडा म्हणजे काय, त्याची जागा कोणत्या एककात, वेग कसा, हे सगळं आधी एका सामायिक नमुन्यात ठरतं आणि त्या नमुन्यावरून कोड आपोआप तयार होतो. माझी पेटी मीटरमध्ये बोलते आणि तुमची फुटांत, असली भानगड कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्रॅम तयार होतानाच, अडकते. ज्यांनी जुन्या पद्धतीत नुसती पाकिटं नेटवर्कवर फेकून जोडण्या केल्यात, त्यांना याची किंमत कळेल. तिथे चूक सापडते ती पहाटे चारला, सराव सुरू होताना, आणि पलटण तुमच्याकडे बघत असते.

अर्धा गुण कापला तो तापासाठी. शिकायला जड आहे. आवृत्त्या जुळवणं त्रासाचं. नेटवर्कवाल्यांकडून मल्टिकास्ट (एकच माहिती एकाच वेळी अनेकांना पाठवायची सोय) मोकळं करून घेणं हे तर स्वतंत्र युद्धच, त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर उपाय देत नाही. आणि डाउनलोड करायला आधी खातं मंजूर करून घ्यावं लागतं.

आता खरी तक्रार, नाव न घेता. एका छावणीत जुने संच होते. त्यात नव्या रायफलींसाठी दुसऱ्या पुरवठादाराचे लेझर आले. कागदावर दोघांनीही ‘मायल्स-सुसंगत’ लिहिलेलं. जोडून पाहिलं तर जुनी जॅकेटं वाजत होती, म्हणजे गोळी लागल्याचं कळत होतं. पण मारणारा कोण, या रकान्यात सगळीकडे ‘अज्ञात’. मूळ कोड दोघांचा सारखा, पण मारणाऱ्याची ओळख जुन्या पुरवठादाराने आपल्या खासगी जोडकोडात घातलेली. करारात त्या जोडकोडाबद्दल चकार शब्द नाही. विचारलं तर उत्तर नम्र आलं: माहिती देऊ, परवान्याचं दरपत्रक सोबत जोडलं आहे. जॅकेट खरेदी करणाऱ्यांनी जॅकेट चांगलं घेतलं होतं. विसरली होती ती भाषा. आणि मारणारा अज्ञात असला की संध्याकाळच्या आढाव्यात पुन्हा तेच, साहेब आम्ही तर नाल्यात होतो.

म्हणून माझ्या लेखी या खरेदीचा पहिला निकष वजन, पल्ला, बॅटरी यातला कुठलाच नाही. किरणातला प्रत्येक बिट कुणाच्या मालकीचा आहे, हा पहिला प्रश्न. युरोपने याचा अनुभव घेतलाय. जर्मनांचा ओसॅग कोड आहे, अमेरिकनांचा मायल्स कोड आहे, आणि एकत्र सराव करायचा तर दोघं एकमेकांना बहिरे. नाटोच्या युकॅट गटाने त्यावर बरीच वर्षं काम केलं आणि २०१६ साली सिसो या मानकसंस्थेने लेझर-जोडणीचं मानक प्रसिद्ध केलं. तो कागद कुणालाही वाचता येतो.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. भारत-अमेरिकेचा ‘युद्ध अभ्यास’ २००४ पासून चालू आहे. २०२४ साली तो राजस्थानातल्या महाजन रेंजवर झाला. उद्या दोन्हीकडचे जवान मिसळून उतरवायचे आणि नोंदही हवी असेल, तर कोड जुळवण्याचं काम सरावाच्या आदल्या आठवड्यात होत नसतं. परदेशाचं सोडा. आपल्याच एका कमांडने एका कंपनीचे संच घेतले आणि दुसऱ्याने दुसरीचे, तर दोन्ही एकत्र आल्यावर काय करणार?

डीएपी २०२०, म्हणजे आपल्या संरक्षण-खरेदीची नियमावली, तिची वाट या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे: माहिती मागवणं, गरजेला मंजुरी, निविदा, मैदानी चाचणी, दराची वाटाघाट. शेवटी काम सहसा सर्वांत कमी दराच्या बोलीला, एल-वनला. यात कोडच्या मालकीची अट गुणात्मक निकष (सामानात काय काय हवं याची लष्कराची यादी) ठरतानाच आली नाही तर नंतर ती घुसवता येत नाही, आणि मग स्वस्तातलं बंदिस्त जॅकेट एल-वन ठरून बसतं. चाचणीही बदलायला हवी. एका कंपनीचे सगळे संच एका पलटणीला देऊन पाहण्यात काही कळत नाही. आपल्या आपल्यात तर सगळेच बोलतात. एका सेक्शनमध्ये दोन बोलीदारांची जॅकेटं मिसळा, तिसऱ्याचा पडदा लावा, आणि मग कोणी कोणाला मारलं ते विचारा.

संख्या ठरवतानाही गोंधळ होतो. एवढे जवान म्हणून एवढे संच, हा हिशोब चुकीचा. हे सामान वैयक्तिक नसून सामायिक आहे, त्यामुळे हिशोब सरावाच्या वेळापत्रकावरून करायचा. एका वेळी मैदानात किती माणसं, दोन सरावांमध्ये दुरुस्तीला किती दिवस, दुरुस्तीत किती अडकून पडतील. अमेरिकेत छावण्यांमध्ये ट्रेनिंग सपोर्ट सेंटर असतं. पलटण सही करून संच नेते, वापरते, परत आणते, आणि परत आलेला प्रत्येक संच तपासून मगच फळीवर जातो. मी चार गुण दिले ते याला. रुक्ष काम आहे, पण ते काउंटर नीट चालत असेल तर जुने संचही वर्षानुवर्षं चालतात, आणि नसेल तर नवीन संच दुसऱ्याच सरावाला अर्धे मुके. एक गुण कापला कारण परत करायच्या दिवशी तिथे जी रांग लागते, ती बघून जवानांना लढाई बरी वाटत असावी.

गोदामाचा खर्च वेगळ्या शीर्षात आणि संचांचा वेगळ्या शीर्षात टाकला की काय होतं ते सरकारी काम पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. यादीत आणखी काही गोष्टी लागतात आणि नेमक्या त्याच सुटतात: प्रत्येक जातीच्या रायफलीसाठी वेगळी पकड, नेम जुळवायच्या पुरेशा पेट्या, आणि ब्लँक काडतुसं. ज्या शस्त्राला ब्लँकच मिळत नाही त्याच्यासाठी लेझर घेऊन करायचं काय? रेडिओ-लहरींची परवानगी हीसुद्धा खरेदीचाच भाग समजा. संच बंदरात उतरल्यावर वारंवारतेसाठी डब्ल्यूपीसीकडे (रेडिओ-लहरी वाटून देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) अर्ज करणं म्हणजे वर्ष गेलं.

माहितीच्या मालकीबद्दलही विचारा. कुठली पलटण कशी हलते, किती वेळात पांगते, कुठे चुकते, याची सेकंदासेकंदाची नोंद या यंत्रणेत साठते. ती कुणाच्या सर्व्हरवर राहणार, दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाला ती दिसणार का, करार संपल्यावर पुसली जाणार का? निविदेत हे चार ओळींत मावतं.

दर हिवाळ्यात ऑरलँडोत आयआयटसेक नावाचं प्रदर्शन भरतं, सराव-यंत्रणांची जत्राच. स्टॉलवर जॅकेट घालून फोटो काढून देतात. मी तिथे विक्रेत्याला एकच विचारते, “शेजारच्या स्टॉलवरची रायफल आणू का?” काही जण हसून हो म्हणतात. काही कार्ड देतात आणि मेल करा म्हणतात.

असाच निरोप पाठवणाऱ्या, पुण्याजवळच्या भोसरीच्या मुलांना मी सांगितलंय तेच इथे लिहिते. सेन्सर आहे तसा राहू द्या, चांगला आहे. सिसोचं ते मानक उतरवून घ्या आणि तुमचं जॅकेट तो कोड ऐकतं का ते पाहा. मग हैदराबादच्या एखाद्या प्रतिस्पर्ध्याला गाठून दोघांची जॅकेटं एकमेकांवर चालवून बघा. तो तयार झाला तर मला कळवा, जोडणीला मी मदत करते, रात्रीची वेळ चालत असेल तर.